दत्तक कुटुंबाची वाट पाहणारी मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिशुगृहात समाजसेविका म्हणून काम करताना रोज फोन येतात. बहुतेक प्रश्न पालकांच्या बाजूचे असतात: नंबर कधी लागेल, कागदपत्रं कोणती, खर्च किती. मूल तिथं आलं कसं, हा प्रश्न कमी जण विचारतात आणि विचारलाच तर आवाज खाली करून. या पानावर मुद्दाम त्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. दत्तकाची प्रक्रियाही सांगितली आहे, पण मुलाच्या बाजूने.

ही सगळी मुलं अनाथच असतात ना?

नाही. आईवडील दोघंही वारलेत असं मूल शिशुगृहात क्वचितच येतं. तसं घडलं तर आजी, मामा, काका, मावशी यांपैकी कुणीतरी त्याला पदराखाली घेतं. कोविडमध्ये आईवडील गमावलेली बहुतेक मुलंही नातेवाइकांकडेच राहिली.

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार दत्तक जाऊ शकणारी मुलं मुख्यतः तीन प्रकारची असतात. एक अनाथ. दुसरं सोडून दिलेलं, म्हणजे एसटी स्टँडवर, दवाखान्यात, देवळाच्या पायरीवर सापडलेलं आणि शोध घेऊनही ज्याचं कुणी मिळालं नाही असं. तिसरं, ज्याला आईनं किंवा आईवडिलांनी स्वतः बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी समितीपुढे येऊन, सही करून स्वाधीन केलं ते. आमच्या बोलण्यात त्याला 'सरेंडर' म्हणतात. याशिवाय बालगृहांत अशीही मुलं असतात ज्यांना भेटायला वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही, किंवा ज्यांचे पालक मूल सांभाळण्याच्या स्थितीतच नाहीत. अलीकडे अशा मुलांचीही समितीपुढे चौकशी होऊन त्यांना दत्तकाची वाट मोकळी करून दिली जाते. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

आई स्वतःचं मूल सोडूच कशी शकते?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागानं येतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

संस्थेच्या दाराबाहेर एक पाळणा असतो. त्यात बाळ ठेवलं की आत घंटा वाजते. एकदा पहाटे घंटा वाजली. धावत गेलो तर पाळण्यात आठेक दिवसांची मुलगी. जुन्या, मऊ पडलेल्या साडीच्या दुपट्यात घट्ट बांधलेली. टाळूवर तेल जिरवलेलं. कपाळाच्या कडेला काजळाची तीट. उशाशी धुऊन ठेवलेली बाटली. जिनं ती तीट लावली, तिला या मुलीला कुणाची दृष्ट लागू नये असं वाटत होतं. अशा बाईबद्दल 'फेकून गेली' हा शब्द मला वापरता येत नाही.

सगळ्यात जास्त मुलं येतात ती अविवाहित आईची. त्यातल्या किती मुलींना लग्नाचं वचन मिळालेलं असतं! दिवस गेल्याचं कळलं की मुलगा फोन बंद करतो, कामाचं गाव बदलतो. काही मुली तर सोळा-सतराच्या असतात आणि अत्याचार करणारा घरातला किंवा शेजारचाच असतो. पोट दुखतं म्हणून दवाखान्यात नेतात तेव्हा सातवा महिना लागलेला असतो. गर्भपाताची कायद्यातली मुदत केव्हाच टळलेली असते. मग मुलीला लांबच्या गावी नातेवाइकाकडे ठेवायचं, गुपचूप बाळंतपण करायचं आणि कुणाला कळायच्या आत परत आणायचं. धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची आहेत, हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की ते उच्चारायच्या आधी त्यांचा चेहरा कसा होतो तेही आता ओळखता येतं.

त्यानंतर येतात विधवा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायका. माहेरचे दुसरं लग्न ठरवतात, समोरचा 'बाई चालेल, मूल नको' म्हणतो. तिच्याकडे स्वतःचं घर नसतं, पगार नसतो, नाही म्हणायची सोय नसते.

काही वेळा वडील येतात. बायको बाळंतपणात गेली, घरात म्हातारी आई, आणि दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचं. फडावर पाच-सहा महिने तान्हं बाळ कोण सांभाळणार? काही मुलांच्या आया मनोरुग्ण असतात, रस्त्यावर फिरताना कुणीतरी गैरफायदा घेतलेला असतो. काही घरांत दारूनं सगळंच बुडवलेलं असतं. काही बाळं आजारी जन्मतात. काचेच्या पेटीचं बिल रोज वाढत जातं आणि एके दिवशी नातेवाईक परत येत नाहीत.

या सगळ्यांत बाप कुठं असतो, हा प्रश्न मात्र फोनवर कुणी विचारत नाही. कित्येक फायलींत त्या रकान्यात दोनच शब्द असतात: माहिती नाही.

गरिबी हेच मुख्य कारण आहे का?

गरिबी बहुतेक फायलींत असते, पण एकटी नसते. तिच्या जोडीला लाज, एकटेपण, आजार किंवा घरच्यांचा दबाव असतो. केवळ पैशासाठी मूल तुटत असेल तर आमचं पहिलं काम ते तुटू न देणं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एकल पालकाच्या किंवा नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात. या योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज होतो. रक्कम मोठी नाही, पण एखाद्या आजीला नातू घरी ठेवायला तेवढा आधार पुरतो. तुमच्या माहितीत असं घर असेल तर दत्तकाचा विचार करण्याआधी त्यांना हा अर्ज भरायला मदत करा.

सरेंडर केल्यावर आईला मूल परत हवं वाटलं तर?

तिला साठ दिवस मिळतात. या काळात मूल कुणालाही दाखवलं जात नाही, कुठल्याही यादीत जात नाही. समिती तिच्याशी बोलते, समुपदेशन होतं. काही आया खरोखर परततात, कधी एकट्या, कधी स्वतःच्या आईला घेऊन. असं झालं की आम्हाला आनंदच होतो.

सापडलेल्या मुलाच्या बाबतीत आधी शोध घ्यावा लागतो. पोलिसांत नोंद होते, आणि वर्तमानपत्रात 'आवाहन' म्हणून बाळाचा फोटो तुम्ही पाहिला असेल, तो त्याचाच भाग. कुणी पुढं आलं नाही तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत बाल कल्याण समिती दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करते.

अजून एक गोष्ट, जी गावोगाव पोचायला हवी: या चौकशीत जन्मदात्या पालकांवर एफआयआर नोंदवला जात नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. त्यांची ओळखही गुप्त राहते. पोलिसांच्या भीतीनं बाळ उकिरड्यावर किंवा झुडपात ठेवलं जातं, तिथं ते कुत्र्यामांजरांच्या आणि थंडीच्या तावडीत सापडतं. पाळणा किंवा समितीचं दार त्याहून फार सुरक्षित आहे.

मुलीच जास्त असतात का?

बाळांमध्ये, हो. चौथी मुलगी झाली म्हणून आलेली फाईल आजही येते. मात्र दत्तक घेणाऱ्यांतही मुलगीच हवी म्हणणारे खूप आहेत आणि देशात दरवर्षी मुलांपेक्षा मुली जास्त दत्तक जातात.

एवढी मुलं आहेत, मग आम्हाला तीन-साडेतीन वर्षं वाट का पाहावी लागते?

कारण संस्थांत राहणारं प्रत्येक मूल दत्तकासाठी मुक्त नसतं. बालगृहातल्या बहुसंख्य मुलांना आई, बाप किंवा दोघंही असतात. कुणी शिक्षणासाठी ठेवलेलं असतं, कुणी घरातल्या भांडणापायी. ती मुलं त्यांच्याच घरची आहेत.

देशात नोंदणी करून थांबलेल्या पालकांचा आकडा तीस हजारांच्या वर आहे आणि मुक्त जाहीर झालेली मुलं एका वेळी जेमतेम दोन-अडीच हजार. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकं झाली, आणि हा तोवरच्या बारा वर्षांतला सर्वांत मोठा आकडा होता.

पण या आकड्याच्या आतही एक रांग आहे. जवळजवळ प्रत्येकाला दोन वर्षांच्या आतलं, निरोगी बाळ हवं असतं. अशी बाळं थोडी असतात आणि त्यांना घर लगेच मिळतं. मुक्त असूनही वर्षानुवर्षं राहून जातात ती मोठी मुलं, भावंडं आणि आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं. म्हणजे एकाच वेळी पालकही थांबलेले आणि मुलंही थांबलेली, फक्त वेगवेगळ्या दारांत. आमच्या कामातलं सर्वांत मोठं दुःख हेच आहे. दत्तक म्हणजे मुलासाठी कुटुंब शोधणं, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते, आणि तरी अर्ज भरताना रकाना तोच निवडला जातो: शून्य ते दोन.

'विशेष गरजा असलेलं मूल' म्हणजे नेमकं काय?

हे शब्द ऐकताच लोक फाईल मिटतात. खरं तर या यादीत फार वेगवेगळी मुलं असतात. डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, पूर्ण बहिरेपण असलेली मुलं असतात, ज्यांना आयुष्यभर साथ लागेल. त्यांच्याबद्दल गोड बोलून कुणाला तयार करणं चुकीचं आहे. पण याच यादीत दुभंगलेला ओठ असलेलं मूल असतं, ज्याचा ओठ शस्त्रक्रियेनं जुळतो. वाकडं पाऊल असलेलं असतं. लहानपणीच काही आठवडे प्लास्टर बदलत राहिलं आणि मग बूट घातले की ते पळायला लागतं. हृदयाला छिद्र असलेलं, हिपॅटायटिस-बी असलेलं, एका हाताला बोटं कमी असलेलं, फार कमी वजनाचं जन्मलेलं, फिट येऊन गेलेलं, अशी कितीतरी.

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाबद्दल तर फारच गैरसमज आहेत. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बाळात काही महिने राहतात, त्यामुळे साध्या चाचणीत बाळ पॉझिटिव्ह दिसू शकतं. अठरा महिन्यांनंतरची चाचणी खरं काय ते सांगते. तोवर फाईलवर शिक्का बसून गेलेला असतो.

माझी एकच विनंती आहे: वैद्यकीय अहवाल आला की तो तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा, तुम्हीही नीट वाचा, मग ठरवा. घाबरून नाही म्हणू नका आणि भावनेच्या भरात हो म्हणू नका.

मोठं मूल आपल्याला आई-बाबा मानेल का?

मानतं. वेळ लागतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाला सगळं कळत असतं. आपल्याबरोबरची बाळं एकेक करून गेली, हे त्यानं पाहिलेलं असतं. फाटकाशी गाडी थांबली की असा एक मुलगा जेवता जेवता उठून यायचा. ताटातला घास हातातच. पाहुण्यांच्या पायातले बूट बघायचा, चेहरा नाही. ते आत गेले की मला विचारायचा, "ताई, माझी फाईल काढली का त्यांनी?" अडीच वर्षं तो हे विचारत होता. मग एक जोडपं आलं, दोघंही चाळिशी ओलांडलेली. येण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी घराच्या, कुत्र्याच्या, आजीच्या फोटोंचा अल्बम पाठवला होता. सोबत आईनं वापरलेली एक ओढणीही. तो ती उशाखाली घेऊन झोपायचा.

घरी गेल्यावर पहिले तीन महिने तो डब्यातल्या पोळ्या कपाटात लपवून ठेवायचा. मग चोरी बंद झाली आणि आदळआपट सुरू झाली: 'तुम्ही माझे कोणी नाही', 'मला परत नेऊन सोडा'. बहुतेक मोठी मुलं हा टप्पा पार करतात. त्यांना बघायचं असतं, एवढं करूनही हे मला ठेवतात का. या काळात पालकांनी आम्हाला फोन करावा, अर्ध्या रात्रीही. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेटी होतात, त्या तपासणी म्हणून नाही तर यासाठीच असतात.

भावंडं शक्यतो एकाच घरी जावीत असा प्रयत्न असतो, म्हणून त्यांना आणखी थांबावं लागतं. चार वर्षांची बहीण धाकट्याचं तोंड धुवायची, त्याच्या आधी स्वतः जेवायची नाही, असं मूल तुम्ही पाहिलंत तर त्यांना वेगळं करायला तुमचंही मन होणार नाही.

मोठ्या मुलांसाठी प्रतिपालकत्वाचीही, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळण्याचीही वाट आहे. २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते, आणि मूल दत्तकासाठी मुक्त असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याला दत्तक घेता येतं.

दत्तक कोण घेऊ शकतं?

भारतातला कुठल्याही धर्माचा माणूस, विवाहित किंवा एकटा. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली धर्माचा अडसर नसल्याचं स्पष्ट केलं. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत आणि दोघांची संमती हवी. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी, एकट्या पालकाचं वय ४० च्या आत. मोठ्या मुलासाठी ही मर्यादा वाढत जाते.

नोंदणी फक्त 'कारा', म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. मग समाजसेविका घरी येऊन गृहभेट अहवाल तयार करते. क्रम आला की मुलाचा फोटो आणि अहवाल दिसतो, आणि ४८ तासांत निर्णय द्यावा लागतो. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. नोंदणीसाठी एजंट लागत नाही.

ओळखीच्या नर्सकडे बाळ आहे, 'आई द्यायला तयार आहे' म्हणते. घेऊ का?

नाही. कृपया नाही. तुमची तगमग मला समजते, पण हे बेकायदा आहे. प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत. रुग्णालयातला कर्मचारी त्यात असेल तर तीन ते सात वर्षं. शिक्षेपेक्षा मोठा धोका मुलाला आहे. जन्मदाखल्यावर खोटं नाव चढतं, आईनं खरंच संमती दिली की तिच्यावर जबरदस्ती झाली हे कुणी तपासत नाही, आणि वर्षभरानं पोलीस दारात आले तर मूल पुन्हा संस्थेत येतं. अशी मुलं मी घेतली आहेत. कडेवरून उतरवताना ती ज्या आईला घट्ट धरून ठेवतात, तिच्याकडे दाखवायला एकही खरा कागद नसतो.

त्या नर्सला सांगा की आईला बाल कल्याण समितीकडे घेऊन यावं. आईचं नाव कुठं येणार नाही.

कुणाचं रक्त, कुठली जात, काही कळत नाही. घरचे तयार होत नाहीत. काय सांगू?

जात आम्हाला बहुतेक वेळा माहीत नसते आणि मुलाची निवड त्यावर होत नाही.

घरच्यांना एक घर आठवून द्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी जीव देऊ नये, बाळाचा जीव घेऊ नये, तिथं येऊन सुरक्षित बाळंत व्हावं म्हणून. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला तिथं मुलगा झाला. फुले दांपत्यानं तो दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं, रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला आणि त्या सेवेतच त्या गेल्या. यशवंताच्या आईची गोष्ट आणि आमच्या कपाटातल्या आजच्या फायली यांत दीडशे वर्षांचं अंतर आहे, आणि वाचताना ते जाणवत नाही. पंढरपुरातही १८७५ साली असंच गृह निघालं.

मुलं परदेशात का पाठवतात?

आधी भारतातल्या आणि अनिवासी भारतीय कुटुंबांना विचारलं जातं. इथं कुणी पुढं आलं नाही तरच परदेशी कुटुंबांचा विचार होतो. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या मुलांत मोठी आणि विशेष गरजा असलेली मुलं जास्त असतात. २०२४-२५ मधल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशातच झाली. पुण्याच्या श्रीवत्स या संस्थेतून १९७९ च्या सुमारास दत्तक गेलेली लिसा स्थळेकर पुढं ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची कर्णधार झाली, हे तुम्हाला माहीत असेल. तिचे दत्तक वडील मुंबईत जन्मलेले.

मुलाला कधी सांगायचं? आणि 'आईनं मला का दिलं?' याला काय उत्तर द्यायचं?

बोलायला लागायच्या आधीपासून. झोपवताना, मालिश करताना 'आम्ही तुला आणायला गेलो होतो त्या दिवशी पाऊस होता' अशी गोष्ट सांगत राहा. मग 'सांगण्याचा दिवस' असा येतच नाही. शेजारच्या काकूंकडून किंवा शाळेतल्या भांडणातून कळलं तर मूल दत्तक असल्यापेक्षा लपवल्यानं जास्त दुखावतं.

'का दिलं' याचं उत्तर जपून द्या. 'तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून दिलं' असं सांगितलं की मुलाला वाटतं, तुमचंही प्रेम आहे, मग तुम्हीही द्याल. 'ती गरीब होती' म्हटलं तर बाबांची नोकरी गेली की ते घाबरतं. 'ती वाईट होती' तर कधीच नाही, कारण मग ते स्वतःलाही वाईट समजू लागतं. साधं सांगा: तिच्यापुढं मोठी अडचण होती, तेव्हा कुठल्याच बाळाला वाढवणं तिला जमलं नसतं, त्यात तुझी काही चूक नव्हती. अठरा वर्षांनंतर मुलाला आपली मुळं शोधायची असतील तर संस्थेकडे अर्ज करता येतो.

त्या पहाटेच्या मुलीचं दुपटं आम्ही धुऊन तिच्या फाईलसोबत पिशवीत ठेवलं होतं. ती घरी गेली तेव्हा तिच्या नव्या आईच्या हातात दिलं.

मला दत्तक घ्यायचं नाही. पण वाटेत बाळ सापडलं तर?

उचलून छातीशी धरा, ऊब द्या. दूध पाजू नका. १०९८ किंवा ११२ वर फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. २४ तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. बाळासोबत जे काही असेल, दुपटं, दोरा, चिठ्ठी, प्लास्टिकची पिशवीसुद्धा, ते जपून पोलिसांकडे द्या.